वजनाची पावती

फोनवर बोलणाऱ्या बाईचं तोंड भिंतीकडं असतं आणि डोळे मीटरवर. सोळा वर्षं मी हे बघितलं. वारणानगरात, कोडोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला, सहा बाय दहाच्या गाळ्यात माझा एसटीडी बूथ होता. १९९३ च्या दिवाळी पाडव्याला उघडला, २००९ ला पिवळा बोर्ड खाली उतरवला. त्या बोर्डाचा पत्रा आता गोठ्याच्या छपराला लावलाय. अक्षरांची बाजू आतून आली, त्यामुळं एसटीडी-आयएसडी-पीसीओ म्हशीला रोज वाचायला मिळतं.

आमचे हे कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामगार. हंगाम संपला की घरी. म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढून बूथ टाकला. वारणानगर म्हणजे तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर वसवलेलं गाव. कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजं, वारणा बाजार, सगळं चालत जायच्या अंतरावर. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. होस्टेलची पोरं पैसे संपले म्हणून घरी फोन करायची. डिसेंबरात तात्यासाहेबांच्या स्मृतिदिनाचं कुस्ती मैदान असलं की पैलवान गावाकडं निकाल कळवायला रांग लावायचे. जिंकलेला मोठ्यानं बोलायचा, हरलेला पोरगा केबिनचं दार गच्च लावून घ्यायचा. पण बूथ चालवला तो बायकांनी. त्यातही बहिणी-बहिणींनी.

बहिणींचा फोन मी डोळे मिटून ओळखायची. नवऱ्याचा, मुलाचा फोन कामापुरता. बहिणीच्या फोनला एक ठरलेली चाल असायची. "कशी हाईस?" "बरी हाय. तू?" "मी बरी हाय." इथं दोघींचं आरोग्य संपलं. मग आई. आईचे गुडघे, आईची धाप, आई वहिनीच्या हातचं जेवती का. मग भाऊ, मग वहिनी, वहिनीवर मात्र दोन-तीन पल्स हमखास जायचे. मग पोरांच्या परीक्षा, मग म्हैस गाभण राहिली का, उसाला तोड आली का. मीटरवरचे लाल आकडे पळत असायचे. जवळचे पैसे संपत आले की आवाज खाली यायचा आणि शेवटच्या दहा सेकंदांत बाई म्हणायची, "बरं ऐक, परवा दवाखान्यात गेलो होतो."

आमच्याकडं बायका 'गेलो' म्हणतात, 'गेले' नाही. पुण्याची माणसं हसतात. हसू देत.

तर त्या शेवटच्या दहा सेकंदांत गाठ, रक्त, सोनोग्राफी, 'डॉक्टर म्हणतोय मोठ्या दवाखान्यात दाखवा' असलं सगळं यायचं. पलीकडची "काय म्हणालीस?" म्हणेपर्यंत फोन खाली. बाहेर येऊन बाई पावती घ्यायची, पैसे मोजायची आणि माझ्याकडं बघून उगाच हसायची. तिनं जे बहिणीला धड सांगितलं नाही ते मी काचेतून ऐकलेलं असायचं. पहिली काही वर्षं मला वाटायचं, पैशाचा प्रश्न आहे. त्या काळी रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा, म्हणून अकराला बूथसमोर शाली गुंडाळलेली रांग असायची. म्हटलं, स्वस्त झालं की बाया नीट बोलतील. ते तसं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं आणि स्वतःची बहीण लागली.

फोन जायचे तसे यायचेही. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या किती तरी घरांचा 'पी.पी.' नंबर म्हणजे माझा बूथ. लग्नपत्रिकेवरसुद्धा तो छापलेला असायचा. मुंबईची, पुण्याची, सुरतेची बहीण फोन करायची, "ताई, अमक्या घरात तेवढं सांगा, अर्ध्या तासानं पुन्हा करतो." गल्लीतलं पोरगं सायकलवर पिटाळायचं. बाई घरात नसली, रानात असली, तर निरोप लिहून ठेवायचा. त्यासाठी दोनशे पानी वही घातली होती. अशा सात वह्या भरल्या. तीन वाळवीनं खाल्ल्या, चार आहेत. त्यातलं थोडं देते. नावं अर्थातच नाहीत.

'सकाळी सहाला मुलगी. दोघी बऱ्या. डिंकाचे लाडू पाठवू नयेत, उन्हाळा आहे.'

'आईला पुन्हा धाप. ये म्हणत नाही. पण ये.'

'दाजींनी पिणं सोडलं. कुणाला सांगू नये.' हा निरोप पोचवायला मी ज्या पोराला पाठवलं त्यानं वाटेत किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे.

'साखर २८० झाली.' ही साखर मुंबईच्या बहिणीच्या रक्तातली. निरोप घ्यायला आली त्या बाईचा नवरा कारखान्याचा सभासद. सभासदांना सवलतीची साखर मिळते, त्यानं वही डोकावून बघितली आणि विचारलं, "ह्या मुंबईवाल्यांना एवढी कशी?" वारणेत साखर म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात आधी पोतंच येणार.

आता एक पान, जे मी वाळवी लागूनही चिकटवून ठेवलंय. १९९६ चा पावसाळा. दुपारी चारला नदीपलीकडच्या गावातून फोन आला, आवाज तरण्या बाईचा. "आईचं काही खरं नाही. रात्र काढंल असं वाटत नाही. आक्काला म्हणावं आत्ताच्या आत्ता नीघ." जिला सांगायचं ती माझ्या ओळखीची, सातवा महिना चालू, आधीचं एक पोर गेलेलं. माझा हात वहीवर अडला. मी लिहिलं, 'आईला बरं नाही. बघायला ये म्हणतात.' आणि तोच निरोप पाठवला. वाटलं, पोटुशी बाई आहे, एसटीनं जाईल, वाटेत काही व्हायला नको. तिनं संध्याकाळची धार काढली, दूध डेअरीला घातलं, भाकरी करून ठेवल्या आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली. आई पहाटेच गेली होती.

दिवस झाल्यावर ती बूथवर आली. भांडायला आलीय असं वाटून मी उभीच राहिले. ती म्हणाली, "ताई, तेवढं पान दाखवा." तिला वाचता येत नव्हतं, थोरला पोरगा बरोबर होता. त्यानं बोट ठेवून वाचलं, 'आईला बरं नाही. बघायला ये म्हणतात.' "एवढंच?" तिनं विचारलं. "एवढंच," पोरगा म्हणाला. "बरं," म्हणाली आणि गेली. तिच्या बहिणीनं फोनवर काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं. दोघी चौदा दिवस एका घरात होत्या. माझ्या वहीनं तिच्या बहिणीला खोटं पाडलं. मी त्या वेळीही तोंड उघडलं नाही. त्यानंतर प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहायची, 'निरोप जसा आला तसा.'

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या यायच्या, बीडकडच्या जास्त. कारखान्याच्या आजूबाजूला तळ पडायचे, कोप्या उभ्या राहायच्या. बाजाराच्या दिवशी त्या बायका पदरात चिल्लर बांधून यायच्या. गावाकडं सासूजवळ ठेवलेल्या पोरांशी बोलायला बहुतेक जणी. एकीची मात्र सख्खी बहीण तिच्यासारखीच कोयत्यावर, बेळगावकडच्या कारखान्याला. दोघींचे मुकादम वेगळे, कारखाने वेगळे, उचल मात्र एकाच आठवड्यात घेतलेली. तिथल्या किराणा दुकानाचा नंबर आणि वेळ ठरलेली. मी नंबर लावून द्यायची. एका रविवारी ही इकडून नुसती "कधी? कधी?" विचारत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, बहिणीनं दिवाळीआधीच पिशवी काढून टाकली. वय विचारलं तर म्हणाली, सत्तावीस-अठ्ठावीस असेल. महिन्याच्या त्रासात खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापतात, त्यापेक्षा काढलेली बरी, असं डॉक्टरनं नाही, शेजारच्या कोपीतल्या बायांनी सांगितलेलं. बहिणीला सांगायचं राहून गेलं, कारण ती "नको" म्हणाली असती.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केली. ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरात आकडा वाचला तेव्हा मला ती "कधी? कधी?" आठवली. तेरा हजारांतल्या किती जणींनी आधी बहिणीला विचारलं असेल, हे कुठल्या पाहणीत येत नाही.

मध्येच १९९८ ला वारणा खोऱ्यात मोठी गडबड झाली. सत्तर गावांत संगणक आले. दिल्लीहून साहेब लोक, पेपरवाले, परदेशी पाहुणे, कोण कोण येऊन गेलं. वायर्ड व्हिलेज म्हणायचे. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडीची तारीख, वजनाची पावती मिळायला लागली, कारखान्यावर खेटा वाचला. पुढं २००७ च्या सुमारास काही गावांत तेच मोबाईलवर मेसेज पाठवून कळायला लागलं. आमच्या ह्यांना त्याचा केवढा अभिमान. काट्यावर गाडी चढली की किती टन किती किलो, ते शेतकऱ्याला पाच मैलांवर बसल्या जागी कळतंय. ते जेवताना दहा वेळा सांगायचे आणि मी दहा वेळा "व्हय का" म्हणायची. ते मेसेज यायच्या थोडं आधी माझ्या बहिणीचं वजन नऊ किलोनं उतरलं. ते मला सव्वा वर्षानं कळलं.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला दिली विट्याकडं. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सराफाकडचं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालायचं, शुद्ध करून द्यायचं. दाजींचं दुकान कोइमतूरला. पुढं दुकान, मागं राहायची खोली, मध्ये पडदा. कोळशाची धग आणि तेजाबाचा पिवळट धूर पडद्याला काय जुमानणार? मी एकदाच गेले होते, दोन दिवस डोळे चुरचुरत होते. धाकटी तिथं तमीळ शिकली, इडलीला सरावली, पण फोनवर अजून 'मी आलो, मी गेलो'च म्हणते.

तिचा फोन रविवारी रात्री नऊला. २००४ च्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं. धाकटीला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. म्हटलं, दोन पोरं टाकून दीड दिवसाचा प्रवास करून येणार, इथं येऊन काय करणार? पहिल्या रविवारी सांगितलं, आई देवळात गेलीय. दुसऱ्या रविवारी, झोपलीय. तिसऱ्या रविवारी आईला घरी आणल्यावर सगळं सांगितलं. 'निरोप जसा आला तसा' लिहिणारी मीच. वहीचा नियम मी घरात लावला नाही.

ती रडली नाही, चिडली नाही. "बरं," म्हणाली. त्या 'बरं'ला मी फसले, आधी एकदा ऐकलेलं असूनही.

पुढच्या थंडीपासून फोनवर तिला खोकला यायचा. "धुराचा हाय गं, आक्का." मलाही ते पटलं, मी तो धूर बघितलेला. हळूहळू तिचे फोन लहान झाले. बोलता बोलता दम लागायचा, तर म्हणायची पोरगा ओढतोय, भाजी करपतीय. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या बहिणींचे आवाज ओळखणारी मी, माझ्या बहिणीचा खोकला मला धुराचाच वाटत राहिला.

मे २००६ मध्ये भावाच्या मुलीचं लग्न होतं. धाकटी आली. चेहरा उतरलेला दिसला, पण प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं. चुड्याला कासारीण आली. घरातल्या सगळ्या बायकांची मापं तिच्या डोक्यात पक्की, लग्नाच्या आधीपासून तीच भरते. तिनं धाकटीचा हात हातात घेतला, नेहमीच्या मापाची हिरवी बांगडी चढवली. बोटं दाबावी लागली नाहीत, तेल लागलं नाही. बांगडी मनगटावर थांबलीच नाही, सरसर कोपरापर्यंत गेली. कासारीण काही बोलली नाही. तिनं ती काढली, लहान मापाचा जोड सोडला, तोही सैल. मग पोरींच्या मापाचा डबा उघडला. ओसरीवर बारा-पंधरा बाया बसलेल्या, सगळ्या गप्प झाल्या. धाकटी हसत म्हणाली, "कोइमतूरच्या इडलीनं वाळलो."

रात्री माजघरात तिला धरलं. टीबी झाला होता. आदल्या उन्हाळ्यात निदान झालं, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पूर्ण केल्या, आता थुंकी तपासली, साफ आहे. बावन्नाची त्रेचाळीस किलो झाली होती, त्यातले तीन किलो परत आले होते. माझ्या तोंडून काय निघावं? "मला का सांगितलं नाहीस?"

"तू आईचं सांगितलंस?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आक्का, आई रात्री नऊला देवळात जाती व्हय? मला तवाच कळलं होतं. वाट बघितली, कधी सांगतीस."

'काळजी नको म्हणून सांगितलं नाही' हे वाक्य मी बूथवर हजार वेळा ऐकलं, स्वतःही वापरलं. आता मला ते मान्य नाही. लपवणारी समोरच्याची काळजी वाचवत नाही. फोनवर पलीकडं कुणी रडलं तर आपल्याला ऐकायला लागेल, "अजून डॉक्टर बदल" म्हणेल, "मी येते" म्हणेल, ते सगळं ती स्वतःचं वाचवत असते. आणि पलीकडची तेवढी वेडी नसते. तिला सुगावा लागतो, ती विचारत नाही, आणि पुढच्या वेळी स्वतःचं लपवते. उधारीसारखं फिटत राहतं ते.

त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं. शपथा-बिपथा काही नाही. दर महिन्याच्या एक तारखेला दोघींनी एकमेकींना आपलं वजन सांगायचं. काट्यावर उभं राहून, आकडा बघून. अंदाजानं नाही. नवरा काट्यावरचा, म्हणून नाव पडलं 'पावती'. "ह्या महिन्याची पावती दे," असं ती म्हणते. चाळिशी ओलांडल्यावर त्यात रक्तदाब आला, मग साखर आली, खरी साखर. पावती आधी, आई-वहिनी-म्हैस नंतर. पहिले काही महिने फार अवघड गेलं. आपल्याबद्दल आधी बोलायचं म्हणजे काही तरी निर्लज्जपणा करतोय असं वाटायचं. धाकटी आकडा सांगून लगेच "पण आई कशी हाय?" म्हणायची, तिला पुन्हा मागं ओढायला लागायचं.

बूथ त्याच वर्षी आतून संपला होता. २००३ ला मोबाईलवर येणारा फोन फुकट झाला, मिस्ड कॉल सुरू झाले. १ मार्च २००६ ला बीएसएनएलनं देशात कुठंही एक रुपयात मिनिट केलं. केबिनमध्ये मी झेरॉक्स मशिन ठेवलं. पी.पी.वाले गेले, निरोपाची वही थांबली, सायकलवाला पोरगा दूध संघात लागला. मला वाईट वाटलं ते गल्ल्याचं. बाकी त्या रांगेत, थंडीत, परक्या बाईसमोर आजार सांगायला लागणं यात गोड वाटण्यासारखं काही नव्हतं. जुन्या काळाचे उमाळे काढणाऱ्यांनी एकदा मीटरकडं बघत रडून बघावं.

आता 'माहेर' नावाचा ग्रुप आहे, बत्तीस माणसं. सकाळी फुलं, दुपारी विनोद, रात्री अभंग. आजारपण तिथं पडलं की तीस जण हात जोडतात आणि दोघी काढा सांगतात. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. तेव्हा धाकटीला भलत्याच गावाचे व्हिडिओ 'वारणा' म्हणून येत होते आणि आमच्याकडं रेंज नव्हती. दोन दिवसांनी फोन लागला. मी "आम्ही उंचावर, काही झालं नाही" म्हणाले. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, एक तारखेची पावती राहिलीय."

आई २०१३ ला गेली. आजाराच्या पहिल्या दिवशी मी धाकटीला कळवलं होतं, ती सतरा दिवस आधी येऊन राहिली. शेवटचं पाणी तिच्या हातचं.

मागच्या वर्षी मला उजव्या बाजूला बारीक गाठ लागली, अंघोळीत. घरात कुणाला सांगायच्या आधी तिला फोन केला. वेळ दुपारची होती, तारीख एक नव्हती. तिनं "बरं" म्हटलं नाही. "कधी लागली? दुखती का? हालती का? उद्या जातीस का आज?" त्याच दिवशी गेले. तपासणीत साधी निघाली, डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ती तारीख धाकटीच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली आहे.

ह्या महिन्याची पावती: माझं वजन ६१ किलो ४०० ग्रॅम, दाब १४० - ९०. धाकटी ५४ किलो, साखर थोडी वाढलेली. दोघींचं एकमेकींना कळवून झालं आहे.